पिन अडकते तेव्हा

एखादा माणूस तेच ते पुन्हा सांगू लागला की ‘याची पिन अडकली’ असे आपण म्हणतो. ग्रामोफोनची तबकडी कधी पाहिलेली नाही अशी मुलेही हे सहज बोलून जातात. तबकडीवर चरा पडला की सुई पुढच्या खाचेत न जाता त्याच फेऱ्यात फिरत राहते आणि गाणे जागच्या जागी अडखळते. हा अर्थातच बिघाड. पण १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतील पिएर शेफेर नावाच्या अभियंत्याने हा बिघाड मुद्दाम घडवून आणला. बातिन्योल स्टेशनवर त्याने आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले होते. त्यांतला एखादा तुकडा तो तबकडीवर अशा खाचेत कोरी, की खाचेचे शेवटचे टोक तिच्याच सुरुवातीला येऊन मिळे. आता सुई बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे. म्हणजे एका फेऱ्याला ६० भागिले ७८, सुमारे ०.७७ सेकंद. पाऊण सेकंदाचा चाकांचा खडखडाट पुन्हा पुन्हा कानावर पडला की काय होते? पहिल्या दोन-तीन वेळा आपल्याला आगगाडी ऐकू येते. दहाव्या वेळेपर्यंत आगगाडी नाहीशी होते आणि एक ठेका उरतो, त्यात एक उंच आणि एक खालचा सूर उरतो. आवाज तोच असतो, आपले ऐकणे बदललेले असते. आपल्याकडे ही गोष्ट मुलांना वेगळ्या कथेतून माहीत आहे. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणायला सुरुवात केली आणि त्याचे ‘राम राम’ झाले. पुनरावृत्तीत शब्दाची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे कान विसरतो. वर्गात सगळ्यांना ‘पाटी पाटी पाटी’ असे भराभर म्हणायला सांगा. मिनिटाच्या आत कुणाला तरी ‘टीपा टीपा’ ऐकू येऊ लागेल.

शेफेरच्या या छोट्या रचना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी रेडिओवरून प्रसारित झाल्या. पुढच्या ३०-३५ वर्षांत इलेक्ट्रॉनिक, सायकेडेलिक आणि ॲम्बियंट अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांची ही एक सुरुवात. विज्ञानाच्या शिक्षकांना या संगीतात रस वाटावा असे त्यात बरेच काही आहे. ‘हे संगीत आहे का?’ हा प्रश्न मात्र मी फार ताणणार नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारलेले मला अधिक उपयोगी वाटतात: हा आवाज केला कसा, आणि केला कोणी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर सापडत नाही.

शेफेरची सुरुवात तबकडीवर झाली, पण खरा फरक पाडला तो चुंबकीय फितीने. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन हे फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र लोकांपुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते तंत्र जगभर पसरले. रेडिओला ते हवे होते ते कार्यक्रम साठवण्यासाठी आणि चुका कापून टाकण्यासाठी. व्यावसायिक यंत्रांत फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने सरकत असे. म्हणजे एक सेकंद म्हणजे ३८ सेंटिमीटर, अर्धा सेकंद म्हणजे १९. काळ हा पट्टीने मोजता येऊ लागला आणि ब्लेडने कापता येऊ लागला! फीत दुप्पट वेगाने चालवली की वारंवारता दुप्पट होते आणि सूर एक सप्तक वर जातो. उलटी चालवली की आधी सुराची शेपूट ऐकू येते आणि मग त्याचे डोके.

या कात्री-ब्लेडच्या कामात लंडनच्या डेलिया डर्बीशायर यांचा हात धरणारे कमीच असतील. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली ही मुलगी १९५९ साली एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे नोकरी मागायला गेली, तेव्हा स्टुडिओत बायकांना घेत नाहीत असे उत्तर तिला मिळाले. पुढे ती बीबीसीत लागली आणि १९६२ साली तिथल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये आली. हा विभाग १९५८ साली सुरू झाला होता. नाटकांना आणि शालेय कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज पुरवणे हे त्याचे काम.

१९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेसाठी रॉन ग्रेनर या संगीतकाराने एक धून लिहून दिली. तिचे वाद्यवादन असे झालेच नाही. डर्बीशायरने एका ताणलेल्या तारेचा टणत्कार मुद्रित केला, प्रयोगशाळेतल्या ऑसिलेटरचे सूर मुद्रित केले, त्यांचे वेग बदलून हवे ते स्वर मिळवले आणि प्रत्येक स्वर मापात कापून चिकटपट्टीने एकापुढे एक जोडला. एकाच फितीवर अनेक थर मुद्रित करणारे यंत्र तिथे नव्हते. म्हणून प्रत्येक थराची वेगळी फीत बनवून ती सर्व यंत्रे एकदम सुरू करायची आणि एकत्र मुद्रण करायचे. एकदा थर जुळेनात. कुठेतरी एखादा तुकडा चुकीच्या लांबीचा लागला होता. तो शोधण्यासाठी डर्बीशायर आणि तिचे सहकारी डिक मिल्स यांनी फिती बाहेरच्या लांब बोळात शेजारी शेजारी पसरल्या आणि जोड बरोबरीने येतात का ते पाहत गेले. जिथे एक जोड पुढे-मागे दिसला तिथे चूक! कानाने न सापडणारी चूक डोळ्यांनी सापडली. हे उदाहरण मला फार आवडते, कारण ‘अंतर = वेग × काळ’ हे सूत्र इतक्या उपयोगी कामाला आलेले आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाही.

ग्रेनरने ते ऐकल्यावर डर्बीशायरला सहसंगीतकार म्हणून श्रेय आणि मानधनात वाटा मिळावा असा प्रयत्न केला. पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावे द्यायची नाहीत असा बीबीसीचा शिरस्ता होता. २००१ साली ती वारली तोवर मालिकेच्या पडद्यावर तिचे नाव आले नव्हते. ते आले २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षीच्या विशेष भागात.

नोकरीबाहेर डर्बीशायरने डेव्हिड व्होरहाउस आणि ब्रायन हॉजसन यांच्याबरोबर ‘व्हाइट नॉइज’ या नावाने एक ध्वनिमुद्रिका केली: ‘अॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म’, १९६९. इलेक्ट्रॉनिक आणि सायकेडेलिक या दोन्ही फडताळांत ती ठेवली जाते. पहिली बाजू ऐकताना अजूनही हसू येते, चकित व्हायला होते. गाणी साधी आहेत, पण गाण्याच्या मधल्या फटींतून आवाज एका कानातून दुसऱ्या कानात पळतात, शिंका-हसणी तालात येतात, आणि एकही जोड ढिला वाटत नाही. दुसऱ्या बाजूचा शेवटचा भाग, म्हणजे नरकातले वादळ, किंकाळ्या वगैरे, हा मला कच्चा वाटतो. तो घाईत उरकलेला आहे. भीती दाखवण्यासाठी त्यांना किंकाळी लागली, इथेच ते हरले. पहिल्या बाजूवर ब्लेड पुरले होते.

‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६च्या सुमारास एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी घडवला. पुढच्या दशकात तो त्या द्रव्यांच्या अनुभवाशी नाते सांगणाऱ्या संगीताला चिकटला. मुलांशी बोलताना हा संबंध लपवू नये. पण तबकडीवर जे ऐकू येते ते द्रव्यामुळे नव्हे, यंत्रामुळे घडलेले असते, हेही तितकेच स्पष्ट सांगावे. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेतले शेवटचे गाणे. त्यासाठी फितींची कडी केली गेली. फितीचा तुकडा घेऊन दोन टोके जोडली की झाले कडे. याला लूप म्हणतात. शेफेरच्या बंद खाचेचेच हे फितीतले रूप. अशी पाच कडी स्टुडिओतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, आणि फीत ताणलेली राहावी म्हणून तंत्रज्ञ कड्यात पेन्सिली घालून उभे होते. शांतपणे पेन्सिल धरून उभे राहणे हेही वादनच. त्या गाण्यात सुरुवातीपासून तंबोरा वाजतो आणि सगळे गाणे जवळजवळ एकाच आधारस्वरावर उभे आहे.

तंबोऱ्याचा हा धागा जरा सोडवून पाहू. तंबोऱ्याची तार छेडल्यावर एकच सूर ऐकू येत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर त्यातून उमलत जातात. थॉमस यंगचा एक नियम आहे: तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निष्पंद असतो ते उपस्वर निर्माण होत नाहीत. तार मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर नसायला हवेत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. घोडीचा पृष्ठभाग रुंद आणि किंचित गोलसर. तार त्यावर घासत, चाटत कंप पावते, आणि नियमाने गैरहजर असायला हवेत ते उपस्वरही ठणठणीत ऐकू येतात. मिरजेचे कारागीर हे ‘जवारी काढणे’ पिढ्यान्‌पिढ्या कानाने करत आले आहेत.

अमेरिकेत ला माँट यंग या तरुण रचनाकाराने १९५७ साली अली अकबर खाँची एक तबकडी ऐकली आणि तंबोऱ्याने त्याला पछाडले. नुसता आधारस्वरच का ऐकू नये, तासन्‌तास? हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर विचारला. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा यंग त्यांचा शागीर्द झाला, आणि त्याचा मित्र टेरी रायलीही. किराणा म्हटल्यावर मिरजेतले अब्दुल करीम खाँ आपल्याला आठवणारच. सुराच्या लावावर एवढी श्रद्धा ठेवणारे घराणे अशा लोकांच्या हाती पडावे यात मला योगायोगापेक्षा अधिक काहीतरी दिसते.

रायलीची १९६३ सालची पॅरिसमधली एक गोष्ट आहे. त्याला प्रतिध्वनीसारखा, पण बराच लांबणारा परिणाम हवा होता. फ्रेंच रेडिओतल्या पांढऱ्या कोटातल्या एका अभियंत्याने दोन टेपरेकॉर्डर घेतले, पहिल्यावर मुद्रण होणारी फीत तशीच पुढे नेऊन दुसऱ्यावर वाजवली, आणि दुसऱ्यातून निघणारा आवाज पुन्हा पहिल्याला जोडला. दोन यंत्रे १९० सेंटिमीटर दूर आणि फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर असेल तर आता वाजवलेला सूर १० सेकंदांनी परत येतो, पुन्हा १० सेकंदांनी थोडा क्षीण होऊन येतो, आणि त्यावर आपण नवे सूर वाजवत जायचे. एकटा माणूस स्वतःच्याच मागच्या सुरांबरोबर जुगलबंदी करतो. रायली ही गोष्ट सांगतो, पण अभियंत्याचे नाव तिच्यात येत नाही. रायलीची ‘अ रेनबो इन कर्व्हड् एअर’ (१९६९) ही मी कुणालाही निर्धास्तपणे ऐकायला देईन. तिच्यात कुठेही कुंथणे नाही. झाल्यासारखी वेगवान सुरावट चालू राहते आणि ती एका माणसाची बोटे आहेत हे विसरायला होते.

याच सुमारास विजेने सूर निर्माण करणारे वाद्यही हाती आले. जर्मनीतल्या कोलोन रेडिओच्या स्टुडिओत शुद्ध साइन लहरी एकावर एक रचून नवे ध्वनी घडवण्याचे काम १९५०च्या दशकात झाले होते, पण ते महिनोन्‌महिने चालणारे काम होते. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली एक सोपा व्यवहार ठरवला: विद्युतदाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर जावा. २२०चे ४४० हर्ट्झ, आणखी एक व्होल्ट दिला की ८८०. सप्तकात बारा सुरे, म्हणून लगतच्या दोन सुरांमध्ये एक बाराअंश व्होल्ट, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. दाबात ८ मिलिव्होल्टची चूक झाली की सूर त्या अंतराच्या दहाव्या भागाने सरकतो, आणि तयार कानाला तो बेसूर वाटू लागतो. दुसरीकडे, सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या जोडावरचा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने बदलतो. मंडलात त्याची भरपाई करावी लागते आणि त्या काळी ती पुरती होत नसे. खोली तापली की वाद्य उतरलेच किंवा चढलेच.

वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली मूगवर बाखच्या रचना मुद्रित केल्या: ‘स्विच्ड-ऑन बाख’. हे वाद्य बासरीसारखे एका वेळी एकच सूर देणारे. तेव्हा प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, मध्येच थांबून वाद्य पुन्हा सुरात लावायचे, पुढचे थोडे वाजवायचे, असे करत सगळी ध्वनिमुद्रिका उभी राहिली. ती अफाट खपली आणि मूगचे नाव घरोघर पोचले. तिचा एक गुण मोठा आहे: बाखच्या रचनेत एकाच वेळी चाललेल्या तीन-चार ओळींना तिने तीन-चार वेगळे पोत दिले, त्यामुळे कुठली ओळ कुठे जाते ते नवख्यालाही कळते. पण आवाज म्हणून त्यातले काही आता खेळण्यासारखे वाटतात. नवे वाद्य जुन्या वाद्यांच्या परीक्षेला बसले आणि पास झाले, इतकेच.

परीक्षाच न देणारी ध्वनिमुद्रिका म्हणजे टँजरीन ड्रीम या जर्मन त्रयीची ‘फेड्रा’ (१९७४). तिच्या नावाच्या पहिल्या, सुमारे १७ मिनिटांच्या तुकड्यात मूगचा सीक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले विद्युतदाब ठरलेल्या क्रमाने देत राहणारे मंडल, खालच्या सुरांची एक माळ फिरवत राहतो. स्टुडिओत वाद्य तापत गेले तशी ही माळ हळूहळू सुरातून सरकली. ते सरकणे त्यांनी तसेच ठेवले. कार्लोस यांनी ज्या दोषाशी दर काही मिनिटांनी झुंज दिली, तो दोष इथे तबकडीवर मानाने बसला आहे. मला तो तुकड्याचा प्राण वाटतो. माळ यंत्राची असूनही ती दमते, घसरते. दुसऱ्या बाजूवर मेलोट्रॉनचे ढग आहेत. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची फीत असलेली पेटी. ते ढग जरा जास्तच गंभीर झाले आहेत.

आता ॲम्बियंट. १९७५च्या सुरुवातीला लंडनमध्ये ब्रायन ईनोला टॅक्सीची धडक बसली आणि तो अंथरुणाला खिळला. एका मैत्रिणीने त्याला हार्पच्या संगीताची तबकडी आणून दिली. ती लावून तो परत पडला तेव्हा लक्षात आले की आवाज फारच लहान आहे आणि एक बाजू बंदच आहे. उठून दुरुस्त करायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. हार्पचे अधलेमधले सूर तेवढे पावसाच्या आवाजातून वर येत होते. ही हकीकत त्याने स्वतः त्याच वर्षीच्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर लिहिली, आणि सोबत यंत्रजोडणीची आकृतीही छापली. आकृतीत रायलीचे तेच दोन टेपरेकॉर्डर आहेत. दोन साध्या सुरावटी यंत्रात सोडायच्या आणि बाजूला व्हायचे. एक बाजू अर्ध्या तासाहून थोडी मोठी.

पुढची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) गणिताच्या शिक्षकांनी तरी ऐकायलाच हवी. तिच्या दुसऱ्या तुकड्यात स्त्रियांच्या आवाजातले लांब ‘आ’कार आहेत, प्रत्येक सूर वेगळ्या लूपवर. लूपच्या लांबी जाणूनबुजून एकमेकींशी न जुळणाऱ्या ठेवल्या. आपण सोपे आकडे घेऊ. २३, २५ आणि २९ सेकंदांचे तीन लूप एकदम सुरू केले. पहिले दोन पुन्हा एकत्र कधी सुरू होतील? लसावि ५७५ सेकंद, म्हणजे साडेनऊ मिनिटांच्या थोडे पुढे. तिन्ही? १६,६७५ सेकंद, म्हणजे जवळजवळ चार तास अडतीस मिनिटे. तीन सूर आणि तीन फितींतून साडेचार तास न पुनरावृत्त होणारे संगीत! फळ्यावर लसावि काढून झाला की मुलांच्या तीन गटांना वेगवेगळ्या आकड्यांवर टाळी वाजवायला लावा. सात, आठ आणि नऊ घेतले तरी मजा कळते. आणि या फितींची लांबी? सेकंदाला ३८ सेंटिमीटरने २९ सेकंदांचा लूप ११ मीटर होतो. ईनोने त्या स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवल्या होत्या.

हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावे आणि लक्ष न देताही चालावे, अशी ईनोची अट. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९२० साली मध्यंतरात वाजवण्यासाठी असे ‘फर्निचर संगीत’ केले होते. तो श्रोत्यांना बोला, फिरा म्हणून विनवत होता आणि श्रोते सभ्यपणे गप्प बसून ऐकत होते. ईनोला असे श्रोते मिळाले नाहीत. त्याला अनुकरण करणारे मिळाले. पार्श्वभूमीला लोंबणारे जे गोडसर, बिनहाडाचे संगीत पुढे दुकानांत आणि दवाखान्यांत साठले, त्याचा दोष मी या ध्वनिमुद्रिकेवर ठेवत नाही. तिच्यात शांतता मोकळी सोडलेली आहे, अनुकरणांत ती भरून काढलेली असते. तंबोराही मैफिलीत मागेच असतो, पण तो लागला नसेल तर पुढे कुणाला गाता येत नाही.

भारतातही हे प्रयोग झाले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन वादक डेव्हिड ट्यूडर यांनी मूग बसवून स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई आणि इतरांनी तिथे केलेल्या फिती पन्नासएक वर्षे कपाटात राहिल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

मुंबईत मात्र तबकडी थेट बाजारात आली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बास, कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ केली. साहित्य तीन जपानी यंत्रांचे, सगळी रोलँडची: सुरांसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि बाससाठी टीबी-३०३. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. डिस्कोचे दिवस होते. तबला बाजूला ठेवून यंत्राच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, असा त्यांनी सांगितलेला साधा विचार. तबकडी खपली नाही.

टीबी-३०३ची गोष्ट इथे सांगायला हवी. एकट्या गिटारवादकाला सोबत करणारा बास, म्हणून ती पेटी विकायला काढली. आवाज काही बास गिटारसारखा येईना, आणि १९८४ साली उत्पादन थांबले. पेट्या जुन्या बाजारात पडेल भावाने गेल्या. शिकागोतल्या तरुणांनी त्या घेतल्या, वाजत असताना तिच्या गाळणीची बटणे पिळली आणि जो किंचाळणारा, ओला आवाज निघाला त्यातून १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला. तोच आवाज पुढे युरोपातून फिरत गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर आला आणि १९९०च्या दशकात त्याचा ‘गोवा ट्रान्स’ झाला.

सिंग यांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा गवगवा झाला की ॲसिड हाउसचा शोध मुंबईत पाच वर्षे आधी लागला होता! हे बिरुद मला पटत नाही. शिकागोत बटण पिळणे हीच घटना आहे. सिंग यांच्याकडे घटना आहे ती राग, आणि ३०३ सोबतीला आहे. ती तबकडी शिकागोपर्यंत पोचल्याचाही पुरावा नाही. डर्बीशायरने केलेल्या कामाचे श्रेय तिला पन्नास वर्षे मिळाले नाही. सिंग यांना न केलेल्या कामाचे श्रेय मिळाले आणि केलेले काम त्याखाली दडपले गेले. ते काम असे: हार्मोनियमवर मींड निघत नाही, हे कारण पुढे करून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ साली सैल झाली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत मुंबईच्या एका वाद्यवृंदातल्या वादकाने पट्ट्यांच्याच वाद्यावर सूर सरकवून दाखवले. ज्युपिटर-८मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि ३०३मध्येही. अडचण उरते ती श्रुतींची, कारण पट्ट्या बारा समान भागांतच लावलेल्या.

सत्तरी उलटल्यावर सिंग यांना युरोपातल्या कार्यक्रमांची बोलावणी आली आणि त्यांनी तिथे जाऊन वाजवले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची तबकडी वर्गात लावायची असेल तर क्रमाने लावू नका. पहिलाच भैरव आहे, आणि त्यातला कोमल रिषभ ज्यांनी गळ्यातून आंदोलित झालेला ऐकला आहे त्यांना तो इथे कोरडा वाटेल. कलावती आधी लावा. पाचच स्वर, उड्या मोठ्या, आणि खाली ती नापास झालेली पेटी प्रत्येक वेळी सुरावरून सुरावर घसरत जाते.